सरासरी ६० टक्के, तरी एक डिस्क ८६ टक्क्यांवर : सेफ क्लस्टरमधील असमतोलाबद्दल

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर ती इथेच लक्षात येईल. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यात तीन सर्व्हरवर आभासी यंत्रे चालवणारे प्रॉक्समॉक्स आणि त्याखाली, डेटा अनेक डिस्कवर पसरवून ठेवणारी, सेफ ही साठवण प्रणाली चालते. पहिल्या दोन सर्व्हरमध्ये ८ टेराबाइटच्या चार-चार डिस्क आहेत. तिसऱ्यात ८ टेराबाइटच्या दोन आणि, त्या वेळी हाताशी होत्या म्हणून, ४ टेराबाइटच्या दोन आहेत. पूल (डेटाचा साठा) एकच, डेटाच्या प्रती तीन, प्लेसमेंट ग्रुप म्हणजे पीजी (डेटाची विभागणी ज्यांत होते ते गट) १२८, आणि एका प्रतीचा डेटा सुमारे १६ टेबीबाइट (टेराबाइटहून थोडे मोठे एकक). एकूण क्लस्टर ६० टक्के भरलेला असताना तिसऱ्या सर्व्हरमधली ४ टेराबाइटची एक डिस्क ८६ टक्क्यांवर जाऊन ‘निअरफुल’चा, म्हणजे जवळजवळ भरल्याचा, इशारा देत आहे, आणि पहिल्या सर्व्हरमधली एक डिस्क मात्र ४६ टक्क्यांवर निवांत आहे. डेटा डिस्कमध्ये सारखा वाटणारा सेफचा बॅलन्सर चालू आहे, पण आणखी सुधारणा सापडत नाही असे तो म्हणतो. डेटा सर्व डिस्कवर सारखा कसा पसरायचा आणि तोवर भरलेल्या डिस्कचे रिवेट (डिस्कच्या वाट्याचा डेटा कमी करणारा ० ते १ मधला आकडा) कमी करावे का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते घाईचे आहे : रिवेटला आज हात लावू नका. कारण पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, कारण आपल्या क्लस्टरमध्ये एकमेकांत मिसळलेले तीन वेगवेगळे असमतोल आहेत. त्यांतला एक बॅलन्सर दूर करू शकतो, दुसरा पीजींची संख्या वाढवून आवाक्यात येतो, आणि तिसरा कोणत्याही आज्ञेने जाणार नाही, त्यासाठी सर्व्हर उघडावा लागेल. हे तिन्ही एकच समजून उपाय सुरू केले की माणूस रात्रभर डेटा इकडून तिकडे हलवत बसतो आणि सकाळी आकडे जवळपास तेच असतात.

तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण तोच सर्वांत मोठा आहे. आपल्या पूलचा नियम असा आहे की प्रत्येक पीजीच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर असाव्यात. सर्व्हर तीनच असल्यामुळे निवडीला वावच उरत नाही आणि प्रत्येक सर्व्हरवर संपूर्ण डेटाची एक प्रत, म्हणजे १६ टेबीबाइट, बसलीच पाहिजे. विक्रेता ज्याला ८ टेराबाइट म्हणतो ती डिस्क सेफच्या हिशेबात सुमारे ७.२८ टेबीबाइटची असते आणि ४ टेराबाइटची सुमारे ३.६४ टेबीबाइटची. (डिस्कच्या वाट्याला किती डेटा यावा हे ठरवणारे, क्रश वेट म्हणून दिसणारे आकडे हेच.) त्यामुळे पहिल्या दोन सर्व्हरची क्षमता प्रत्येकी २९.१ टेबीबाइट भरते आणि तिसऱ्याची २१.८. भागाकार केला तर पहिले दोन सर्व्हर ५५ टक्के भरलेले आणि तिसरा ७३ टक्के. जगातला कितीही हुशार बॅलन्सर आणला तरी तिसऱ्या सर्व्हरमधल्या डिस्क सरासरीने ७३ टक्क्यांच्या खाली येणार नाहीत, कारण तिथला डेटा बाहेर पाठवायला नियमात जागाच नाही. आपल्याला दिसणारा ६० टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण त्यावरून काही ठरवता येत नाही.

रिवेटला नको म्हणण्याचे कारणही यातच आहे. भरलेल्या डिस्कचे रिवेट १ वरून ०.८५ केले तर तिच्यावरचे काही पीजी निघतील हे खरे, पण ते पहिल्या सर्व्हरमधल्या ४६ टक्क्यांच्या डिस्कवर जाणार नाहीत. त्या सर्व्हरवर त्यांची एक प्रत आधीच आहे, आणि त्याच सर्व्हरवर दुसरी प्रत ठेवणे नियमाला मान्य नाही. ते तिसऱ्याच सर्व्हरमधल्या उरलेल्या तीन डिस्कवर जातील, आणि नेमके कोणत्या डिस्कवर, हे आपल्या हातात नसते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, २०१६ मध्ये, सातपूरच्या एका ग्राहकाकडे. तेव्हा क्लस्टर हॅमर या आवृत्तीवर होता आणि आज ज्याला आपण अपमॅप म्हणतो ते (ठरावीक पीजी ठरावीक डिस्कवर नेण्याची सोय) अस्तित्वातच नव्हते. वापरानुसार रिवेट आपोआप कमी करणारी आज्ञा मी दोन दिवसांत चार वेळा चालवली. पहिली डिस्क उतरली तशी शेजारची फुगली, शेजारची उतरवली तशी तिसरी चढली. चौथ्या फेरीत मध्यरात्रीनंतर एका डिस्कने ९५ टक्क्यांची ‘फुल’ मर्यादा गाठली आणि सेफने, त्याच्या स्वभावाप्रमाणे, लिहिणे थांबवले. एका डिस्कमुळे सगळी आभासी यंत्रे गोठली. सकाळी मालाच्या पावत्या निघेनात आणि फाटकापाशी ट्रक उभे राहिले. मर्यादा तात्पुरती थोडी वर नेऊन, जुन्या कॅमेरा रेकॉर्डिंगच्या फायली पुसून मी वाट काढली. त्यानंतर रिवेट हे मी फक्त एकाच कामासाठी वापरतो : आजारी डिस्क हळूहळू रिकामी करण्यासाठी.

आता उरलेले दोन असमतोल. आपला भरलेला सर्व्हर सरासरीने ७३ टक्क्यांवर असायला हवा असेल तर त्यातली एक डिस्क ८६ टक्क्यांवर का? इथे कोणता डेटा कोणत्या डिस्कवर जावा हे ठरवणारी सेफची क्रश ही पद्धत समजून घ्यावी लागते. सेफचे जनक सेज वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करताना २००६ मध्ये ही पद्धत मांडली. कोणती वस्तू कुठे आहे याची मोठी यादी मध्यवर्ती ठिकाणी ठेवायची नाही, कोणत्याही क्लायंटने (सेफमधला डेटा वापरणाऱ्या यंत्राने) गणित करून ती जागा स्वतः काढावी, ही तिच्यामागची कल्पना आहे. वस्तूच्या नावावरून पीजी ठरतो आणि पीजीच्या क्रमांकावरून डिस्क. दुसऱ्या पायरीत प्रत्येक डिस्क जणू एक काडी ओढते, काडीची लांबी तिच्या वेटच्या प्रमाणात वाढवलेली असते, आणि जिची काडी सर्वांत लांब तिला तो पीजी मिळतो. पद्धतीचे नावच ‘स्ट्रॉ’ आहे. वेट दुप्पट असेल तर सरासरीने पीजीही दुप्पट मिळतात, पण सरासरीनेच, कारण शेवटी ही सोडतच असते.

आपल्या तिसऱ्या सर्व्हरवर १२८ पीजींची सोडत चार डिस्कमध्ये निघाली. लहान डिस्कच्या वाट्याला सरासरीने २१ पीजी यायला हवेत, पण एवढ्या थोड्या सोडतीत कोणाला १७ तर कोणाला २५ मिळणे ही अगदी सहज घडणारी गोष्ट आहे, त्यात बिघाड काही नाही. एक पीजी आपल्याकडे १२८ गिबीबाइटचा आहे. लहान डिस्कच्या क्षमतेचा तो जवळजवळ साडेतीन टक्के होतो. पंचवीस पीजींचे ८६ टक्के होतात. माझा अंदाज आहे की आपण डिस्कनिहाय वापराचा तक्ता काढून पीजींचा रकाना पाहिलात तर त्या डिस्कसमोर २५ च्या आसपासचा आकडा दिसेल. पहिल्या सर्व्हरमधल्या निवांत डिस्कवर सरासरीच्या ३२ ऐवजी २७ पीजी असणार.

नाशिक जिल्ह्यात कांदाचाळ पाहिली नाही असा माणूस विरळा, म्हणून तिचे उदाहरण घेतो. चाळीत मोठे आणि लहान खण आहेत, आणि अट अशी की एक ट्रॉली पूर्णपणे एकाच खणात ओतायची, दोघांत वाटायची नाही. ट्रॉल्या मोठ्या आणि खण लहान असतील तर एक ट्रॉली इकडे की तिकडे एवढ्यावर खण काठोकाठ भरतो किंवा अर्धा राहतो. तोच कांदा दुप्पट संख्येच्या छोट्या गाड्यांतून आला तर खण सारखे भरणे सोपे जाते. पीजी म्हणजे ही ट्रॉली. बॅलन्सर ट्रॉली एका खणातून काढून दुसऱ्यात ओतू शकतो, पण ती अर्धी करू शकत नाही.

मग बॅलन्सर गप्प का, हा आपल्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग. ल्युमिनस आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये, सेफमध्ये अपमॅप आले. क्रशच्या सोडतीचा निकाल तसाच ठेवून त्यावर अपवादांची छोटी यादी लिहिता येते : अमुक पीजी दहाव्या डिस्कऐवजी आठवीवर. पॅसिफिक आवृत्तीपासून बॅलन्सर याच पद्धतीने आणि मुळातच चालू अवस्थेत येतो. सर्व्हरची अट तो मोडत नाही, त्यामुळे काम सुरक्षित असते. पण त्याची सहनशीलता ठरवणारी एक सेटिंग आहे, अपमॅप मॅक्स डेव्हिएशन, आणि तिचे मूळ मूल्य ५ आहे. हे ५ टक्के नव्हेत, ५ पीजी आहेत. डिस्कवरचे पीजी अपेक्षित संख्येपासून पाचांच्या आत असतील तर बॅलन्सरच्या दृष्टीने सर्व ठीक. आपल्या डिस्कवर अपेक्षा २१ ची, प्रत्यक्षात २५, फरक चारचा. बॅलन्सर खोटे बोलत नाही, त्याला जे सांगितले आहे तेवढेच तो पाहतो. शंभर-दीडशे पीजी असलेल्या डिस्कवर पाचांचा फरक क्षुल्लक असतो. आपल्या लहान डिस्कवर तो १७ टक्के होतो.

इथवरचे थोडक्यात : पहिल्या दोन आणि तिसऱ्या सर्व्हरमधली १८ टक्क्यांची दरी डिस्कच्या खरेदीतून आली आहे, आणि तिसऱ्या सर्व्हरच्या आतली ७३ विरुद्ध ८६ ही दरी थोड्या पीजींच्या सोडतीतून आणि सैल मर्यादेतून आली आहे. दुसरी दरी आज रात्रीच बरीचशी मिटवता येईल.

त्यासाठी पहिले काम म्हणून ते मूल्य ५ वरून १ करा. त्याआधी दोन गोष्टी तपासा. पूर्वी कोणी रिवेट बदलले असेल तर ते पुन्हा १ वर आणावे लागेल, कारण बॅलन्सर त्या बदललेल्या आकड्यालाच प्रमाण मानून अपेक्षा काढतो. पण भरलेल्या डिस्कचे रिवेट याआधीच कमी केलेले असेल तर ते वाढवताच तिच्याकडे आणखी डेटा येऊ लागेल, म्हणून तसे असल्यास मला आधी आकडे कळवा. दुसरे, क्लायंट. अपमॅपची यादी वाचता येण्यासाठी क्लायंट ल्युमिनस किंवा त्यापुढचे हवेत, आणि लिनक्स कर्नलमधला क्लायंट असेल तर कर्नल ४.१३ किंवा पुढचे. प्रॉक्समॉक्सची आजकालची कोणतीही आवृत्ती या अटीत बसते, पण कारखान्यात जुन्या कर्नलचे एखादे यंत्र सेफला थेट जोडलेले असते आणि ते कोणाच्या लक्षात नसते.

बदल केल्यावर बॅलन्सर एकदम सगळे हलवणार नाही. एका वेळी जागेबाहेर असलेला डेटा ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये अशी त्याची मुळातली मर्यादा आहे, ती तशीच राहू द्या. वेळ किती लागेल हे आपल्या नेटवर्कवर अवलंबून आहे आणि ते आपण लिहिलेले नाही. एक गिगाबिटचे जाळे असेल तर १२८ गिबीबाइटचा एक पीजी हलायला पूर्ण वेगातही सुमारे २० मिनिटे लागतील, आणि दिवसा यंत्रे चालू असताना पूर्ण वेग मिळत नसतोच. दहा गिगाबिट असेल तर अडथळा डिस्कच्या वेगाचा राहील. म्हणून हे काम साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करावे. क्विन्सी किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर वेग ठरवण्याचे काम सेफमधला एमक्लॉक हा भाग करतो, आणि तिथे जुन्या सवयीने बॅकफिलची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या डेटा हलवण्याच्या कामांची, संख्या वाढवून काहीच फरक पडत नाही, कारण ती सेटिंग मुद्दाम खुली केल्याशिवाय लागू होत नाही. रात्री पुनर्बांधणीला प्राधान्य देणारे प्रोफाइल लावा आणि सकाळी पाळी सुरू होण्याआधी ते मागे घ्या. एवढे झाल्यावर ८६ टक्क्यांची डिस्क २१ किंवा २२ पीजींवर, म्हणजे ७२ ते ७६ टक्क्यांवर यायला हवी.

पीजींची संख्या त्यानंतर वाढवा, आधी नाही. १२८ वरून २५६ करा. संख्या दोनच्या घातातच हवी, नाहीतर काही पीजी इतरांच्या दुप्पट आकाराचे राहतात आणि बॅलन्सर तर पीजी मोजतो, बाइट मोजत नाही. पीजी दुभंगताना डेटा त्याच डिस्कवर राहतो. पुढच्या टप्प्यात नव्या पीजींना त्यांची सोडतीची जागा मिळते तेव्हा तो हलू लागतो, आणि नॉटिलस आवृत्तीपासून हा टप्पा आपोआप सावकाश होतो. मात्र नवी सोडत म्हणजे मधल्या काळात कोणतीही डिस्क काही काळ चढू शकते. डिस्क ८६ टक्क्यांवर असताना हे केले तर ती ९० टक्क्यांची बॅकफिलफुल मर्यादा (तिच्यापुढे डिस्क हलवलेला डेटा स्वीकारत नाही) गाठू शकते आणि काम अर्ध्यात अडकू शकते. पीजींची संख्या आपोआप ठरवणाऱ्या ऑटोस्केलरने हे स्वतःहून का केले नाही, असे आपल्याला वाटेल. त्याच्या हिशेबानेही आपल्याला २५६ च्या आसपास पीजी हवे आहेत, पण असलेली संख्या योग्य संख्येपासून तिपटीहून जास्त दूर असेल तरच तो हालचाल करतो, दुपटीला नाही.

इथे एक सांगितले पाहिजे. टक्के अगदी जुळवण्याच्या मागे लागण्याची गरज नसते. हडूप या दुसऱ्या प्रणालीतल्या बॅलन्सरची मुळातली मर्यादाही सरासरीच्या वर-खाली १० टक्के अशी सैल आहे. सेफमध्ये थोडे कसोशीने राहावे लागते, कारण पूलमध्ये आणखी किती डेटा मावेल हे सर्वांत आधी भरणाऱ्या डिस्कवरून काढले जाते. ती डिस्क उतरली की उपलब्ध जागेचा आकडा, काहीही खरेदी न करता, वाढलेला दिसेल.

आता ज्या गोष्टीविषयी आपण विचारले नाही, पण जी मला ८६ टक्क्यांपेक्षा जास्त खटकली, ती. तिसऱ्या सर्व्हरमधली ८ टेराबाइटची एक डिस्क उद्या मेली तर काय होईल? ती बाद ठरल्यावर, मुळातल्या सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांनी, सेफ तिच्यावरचे पीजी नव्याने उभारू लागेल. पण कुठे? त्याच सर्व्हरमधल्या उरलेल्या तीन डिस्कवर. त्यांची एकूण क्षमता १४.६ टेबीबाइट आहे आणि मावायला हवेत १६. काही पीजी ‘बॅकफिल टूफुल’ अवस्थेत अडकून राहतील, त्यांच्या दोनच प्रती उरतील. काम चालू राहील, पण त्या अवस्थेत दुसऱ्या सर्व्हरमधली एखादी डिस्क गेली तर दोघींवर मिळून असलेल्या पीजींची एकच प्रत राहील आणि तिथले वाचणे-लिहिणे थांबेल. म्हणजे एक डिस्क गमावून स्वतःहून सावरण्याची ताकद आपल्या क्लस्टरकडे आज नाही, आणि कितीही चांगला समतोल साधला तरी ती येणार नाही. तीन सर्व्हर आणि तीन प्रती असतील तेव्हा माझा हिशेब साधा असतो : सर्व्हरमध्ये चार सारख्या डिस्क असतील तर तीन डिस्कवर तो सगळा डेटा ८५ टक्क्यांच्या आत मावला पाहिजे, म्हणजे चारही चालू असताना ६४ टक्क्यांच्या पुढे जायचे नाही.

त्यावर उपाय दोन. स्वस्त उपाय म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमधली ८ ची एक आणि तिसऱ्यामधली ४ ची एक यांची अदलाबदल. मग दुसरा आणि तिसरा हे दोन्ही सर्व्हर २५.५ टेबीबाइटचे होतात आणि ६३ टक्क्यांवर स्थिरावतात. तिसरा ७३ वरून ६३ वर, एक रुपयाही खर्च न करता. क्रम मात्र चुकवू नका. ४ ची डिस्क आधी रिकामी करायला घेतली तर तिसरा सर्व्हर ८८ टक्क्यांवर जातो. आधी दुसऱ्या सर्व्हरमधली ८ ची डिस्क रिकामी करा (तो ७३ वर जाईल, चालेल), ती तिसऱ्यात पाचवी म्हणून लावा, भरू द्या, आणि मगच ४ ची बाहेर काढा. याला तिसऱ्या सर्व्हरमध्ये एक मोकळा बे (डिस्क बसवायची जागा) हवा. तो नसेल तर हा उपाय सोडून द्या.

दुसरा उपाय म्हणजे ८ टेराबाइटच्या दोन डिस्क विकत घेणे, आणि माझे मत स्पष्टपणे याच बाजूने आहे, कारण अदलाबदलीनंतरही तिसऱ्यामधली ८ ची डिस्क गेली तर उरलेल्या तिघी ८८ टक्क्यांवर पोचतात. दोन्ही लहान डिस्क बदलल्या तर तोच आकडा ७३ राहतो. मालकांना पटवताना समतोलाचे नाव काढू नका, कारण तो शब्द ऐकून कोणी डिस्कचे पैसे देत नाही. एक डिस्क गेली तर उरलेल्या सामानात डेटा मावत नाही, हे १४.६ आणि १६ असे दोन आकडे कागदावर लिहून दाखवा.

डिस्क आल्या की एका वेळी एकच बदला. मोकळा बे असेल तर नवी लावून, भरली की जुनी काढा. नसेल तर नोआउट हा झेंडा (डिस्क बाद धरू नये ही सेफला सूचना) लावून जुनी काढावी लागेल, आणि नवी पूर्ण भरेपर्यंत त्या पीजींच्या दोनच प्रती असतील. तो काळ वीज आणि बॅकअप या दोन्ही बाबतीत निर्धोक असेल तेव्हाच निवडा. पहिली डिस्क पूर्ण भरून सर्व पीजी पुन्हा ‘अ‍ॅक्टिव्ह क्लीन’ दिसल्याशिवाय दुसरीचा स्क्रूही सोडवू नका, आणि काम झाल्यावर नोआउट काढायला विसरू नका, कारण तो लावलेलाच राहिला तर पुढची डिस्क खरोखर मरेल तेव्हा सेफ तिची परत येण्याची वाट पाहत नुसता बसून राहील.